पेन फाटतं ते ओलीमुळे

लाकडी पेन बनवण्यावरच्या एका लेखात पेनाचं लाकूड तडकण्याचा सगळा दोष सुपरग्लूवर टाकलाय. बहुतेकदा दोष लाकडातल्या ओलीचा असतो. पावसाळ्यात तोडलेली बाभूळ लगेच वापरली तर आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात हमखास चीर जाते. 20 मिमी चौरस तुकडे पाडा, टोकांना मेण लावून सावलीत ठेवा. वजन उतरायचं थांबलं की मगच लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर.

स्लिमलाइन किटला (बारीक पेनाच्या सुट्या भागांचा तयार संच) लाकडात 7 मिमी भोक. दर सेंटीमीटरला ड्रिलचं बिट बाहेर काढून भुसा झाडा, नाहीतर लाकूड तापून आतूनच फाटतं. भोकात बसणारी पितळी नळी चिकटवण्याआधी पॉलिश पेपरनं खरवडा. अन् मँड्रेलचा (लेथवर पेनाचे तुकडे ओवून धरणारा दांडा) नट बोटानंच आवळा! पान्यानं आवळला की दांडा वाकतो, पेन एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. सुरुवातीला सागवान बरं.