आमच्या घरातला पक्षपात

गेल्या वर्षी ऐन वैशाखात आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी महिना-सव्वा महिना बंद होती. घरात बाळंतपण होतं. बाळंतीण वजनाला दहा ग्रॅमसुद्धा भरली नसती.

शिंजीर. कोणी सूर्यपक्षी म्हणतं, आमच्या सासूबाई "माझी चिऊ" म्हणतात. दोरीच्या ज्या टोकाला मी नवऱ्याचे मोजे अडकवते, तिथं एक दिवस कोळिष्टकाचा धागा लोंबताना दिसला. मी केरसुणी उगारली तेवढ्यात आई ओरडल्या, "थांब गं! कोणीतरी मेहनत घेतलीय तिथं." मग रोज बघतोय तर ती एवढीशी मादी एकटी कोळिष्टकं, गवताच्या काड्या, सालींचे कपचे आणि अळ्यांच्या लेंड्या (हा शेवटचा शोध सहावीतल्या लेकीचा, तोही आम्ही जेवत असताना) चिकटवून बटव्यासारखं घरटं लोंबकळवतेय. नर जांभळा, चकचकीत, समोरच्या शेवग्यावर बसून गातोय. काडीला हात नाही.

"हा बंगला बांधताना आमच्याकडेही असंच होतं," आई बाबांकडे न बघता म्हणाल्या. बाबांनी पेपर जरा वर धरला.

कोळिष्टक हेच तिचं सिमेंट, हे कळल्यावर घरातली जळमटं काढायला बंदी आली. सतरा वर्षांच्या संसारात इतका सोयीचा पाहुणा मला मिळालेला नाही. अडचण कपड्यांची. गच्चीवर कुरडया-पापडांचं वाळवण आधीच पसरलेलं, त्यामुळे ओले टॉवेल खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर आणि एकदा चक्क देवघराच्या दारावर. शेजारणीनं विचारलं, "नळ फुटला का हो?"

सगळ्यात जास्त भोगलं ते आमच्या ठमीनं. ठमी मूळची ठम्या. पांढरा-काळा-भगवा बोका म्हणून कौतुकानं आणला, तर पिशवीतून डोकं बाहेर यायच्या आत डॉक्टर म्हणाले, तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच असतं. तर ही ठमी सूतक पाळल्यासारखी आतल्या खोलीत कोंडलेली. पंधरा दिवस अंडी उबवायचे, पुढं पंधरा दिवस पिल्लांचे. तिनं सोफ्याच्या पाठीचा पार चोथा केला. आई म्हणाल्या, "सोफा काय, नवीन घेता येईल." हेच वाक्य मी दिवाळीत म्हटलं होतं, तेव्हा मला उधळी ठरवलं होतं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या घराचं निसर्गावर फार प्रेम आहे. फक्त निसर्गानं लहान असावं, देखणं असावं आणि गॅलरी घाण करू नये.

कबुतराचंच घ्या. बाबा सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना कबुतरं दिसायला लागली. जुन्या सीड्या टांगून झाल्या, जाळी लावून झाली, शिट्टी झाली. कबुतरं सीडीत तोंड बघून भांग नीट करतात असं माझं मत. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत रान पेटलं, तेव्हा बाबा दिवसभर टीव्हीपुढून हलले नाहीत. जणू त्यांचीच केस चालू होती. त्या बिचाऱ्यांचा गुन्हा काय, तर चार काड्या टाकून त्याला घर म्हणतात. शिंजीर विणते म्हणून कलाकार, आणि यांना शिवणकाम येत नाही म्हणून ते उपद्रवी.

कावळ्याची तऱ्हा आणखी निराळी. कुरडया पळवतो म्हणून बाबा वर्षभर त्याला काठी दाखवतात. आणि भाद्रपदातल्या अमावास्येला? तेच बाबा, तीच गच्ची, हातात खीर-वड्याचं पान आणि आवाजात साखर. "ये रे, ये रे, काव काव!" कावळा शेजारच्या टाकीवर बसून त्यांच्याकडे बघत होता. आम्ही पंचवटीतले, रामकुंड हाकेच्या अंतरावर, तिथं दहाव्याला पिंडाभोवती हात जोडून उभी असलेली माणसं आम्ही कायम बघतो. त्यामुळे नाशकातल्या कावळ्याला आपली किंमत नक्की ठाऊक असणार. त्या दिवशी त्यानं बाबांना पाऊण तास उभं केलं. मला तर तो कुरडयांचा हिशोब करत होता असं वाटलं.

आणि कोकिळा! मागच्या आंब्यावर कुहू झालं की बाबा चहाचा कप हातात धरून डोळे मिटतात. गातो तो नर. त्याच सुमारास त्याची बायको कावळ्याच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकत असते. अतिक्रमण, फसवणूक, पोटचं पोर दुसऱ्याच्या गळ्यात मारणं, सगळी कलमं लागतील. पण आवाज गोड ना! नेसूला काळंच आहे, फक्त गळा बरा, की आम्ही माफ करतो. पक्षपात हा शब्द कोणीतरी आमच्या गॅलरीत बसूनच काढला असावा.

बिबट्याचं प्रेम तर किलोमीटरवर ठरतं. गंगापूर रोडकडे दिसल्याचा व्हिडिओ आला की फॅमिली ग्रुपवर "काय रुबाब आहे!" आणि हाताचे अंगठे. म्हसरूळला दिसला म्हणे, अशी नुसती कुजबुज झाली तरी "वनखातं झोपलंय का?" जनावर तेच, फक्त आमच्या फाटकापासूनचं अंतर कमी झालेलं.

असो. शिंजिराची दोन पिल्लं एका सकाळी उडाली. आई दिवसभर गप्प होत्या. रिकामं घरटं अजून लोंबतंय, मोज्यांना वेगळी जागा मिळालीय.

खरी गंमत पुढं झाली. २०२१ मध्ये नाशकात 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं, तेव्हा बाबांनी चिडचिड करत एक हेल्मेट घेतलं होतं. ते गॅलरीतल्या कपाटावर उलटं पडलेलं असतं. गणपतीच्या आधी ते घ्यायला गेले आणि हात आखडता घेऊन परत आले. आत पाच-सहा काड्या, एक वायरचा तुकडा आणि दोन पांढरी अंडी. जाळीच्या कुठल्या भोकातून बाईसाहेब आल्या देव जाणे.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "टाका बाहेर. तुमचीच लाडकी ना ती?"

बाबा बराच वेळ हेल्मेटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अठरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

लेकीनं लगेच वही काढली. शिट्टी कुठं गेली, ते कोणी विचारलं नाही. बाबा सध्या भाजीला पायी जातात, आणि लांब जायचं असलं की माझं गुलाबी हेल्मेट मागतात.