एक स्टार दिलेल्या खानापूरकडच्या दादांना दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, तुम्ही लिहिलंय की ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक सर्व्हिसिंगला दिली तर आम्ही ऑइल मारायचं सोडून नळीत गरम पाणी ओतलं, म्हणून पंधरा दिवसांत गंज चढला, आणि यूट्यूबवर ब्लॅक पावडरचे, म्हणजे बंदुकीच्या काळ्या दारूचे, रिव्हॉल्वर नुसत्या ऑइलने साफ करतात. बाकी लोक पण हे वाचतात म्हणून इथंच सांगतो.

गंज पाण्यानं नाही वो, काजळीनं येतो. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक असतंय, आणि बार उडाला की निम्म्याहून जास्त वजन क्षार होऊन मागे राहतं. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. ते विरघळतात पाण्यात, ऑइलमध्ये नाही. वरून ऑइल मारलं की खाली झाकून बसतात आणि आतून नळी खातात, त्यात इंजिन ऑइल असलं तर डांबरासारखा लगदा होतो तो वेगळाच.

म्हणून आम्ही नळी दस्त्यापासून सोडवतो, निपल (ज्यावर ठिणगी पाडणारी टोपी बसते तो बारका तुकडा) खोलतो, तळ गरम पाण्याच्या बादलीत ठेवून गजाला चिंधी गुंडाळून वरखाली ओढतो. पहिलं पाणी काळं येतं, सडक्या अंड्याचा वास सुटतो, तो गंधकाचा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करायचं, शेवटचं पाणी उकळतं घ्यायचं म्हणजे नळी तापून लगेच सुकते, मग ऑइल आणि निपलच्या आट्यांना ग्रीस. ऑइल मारलंच होतं, फक्त शेवटी. तुम्ही म्हणता तसल्या रिव्हॉल्वरपैकी १८५१ ची कोल्ट नेव्ही घ्या, तिची पण पाचर काढून नळी आणि सिलिंडर वेगळं करून पाण्यानंच धुतात, सहाच्या सहा खणे आणि निपल सकट.

तुम्ही परत दाखवायला आणली तेव्हा निपलभोवती ताजी काजळी होती आणि घोड्याच्या खाचेत फुटलेल्या टोपीचा तांब्याचा तुकडा अडकलेला. गवे हाकलायला बार काढला असणार, त्यात काही वाईट नाही, बंदूक त्यासाठीच हाय. पण त्याच रात्री धुवायला पाहिजे होती, सकाळपर्यंत पण थांबायचं नाही.

गंज अजून वरवरचा आहे, निघंल. घेऊन या, पैसे घेणार नाही, धुवायचं कसं ते समोर दाखवतो. लायसन्स सोबत आणा आणि बंदूक रिकामी करून आणा, गज आत सोडला की खण्ण वाजला पाहिजे, ठप्प वाजला तर आत बार भरलेला आहे, तशी गाडीवर टाकून आणू नका.