शेजाऱ्याच्या मोबाईलवरचा सिनेमा

"मज्जा आहे बुवा तुझी, सारखा आपला विमानात!" हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, बारशात ऐकलंय, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही ऐकलंय. म्हणणारा शांतपणे वरणभात कालवत असतो आणि मी जेवता जेवता घड्याळ बघत असतो, कारण पहाटे पावणेसहाचं विमान असतं.

बाटल्या भरायची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. ही यंत्रं भोसरीत जन्माला येतात आणि दिल्लीजवळच्या मानेसरला जाऊन बिघडतात. त्यामुळे महिन्यातून चार-पाच वेळा तरी मी पुणे-दिल्ली-पुणे करतो. इतकी वर्षं दिल्लीला जातोय, पण कुतुबमिनार मी फक्त टॅक्सीच्या काचेवर चिकटवलेला पाहिलाय. लाल किल्ल्याबद्दल मला विचारू नका. सामानाचा पट्टा क्रमांक चार आणि पट्टा क्रमांक सहा यांतला फरक विचारा, तासभर बोलेन.

कंपनी तिकिटाचे पैसे देते, जागा निवडायचे देत नाही. म्हणून माझ्या वाट्याला कायम मधली खुर्ची. मधल्या खुर्चीवर बसणाऱ्याला हातासाठी जागा नसते, पायासाठी नसते, मताला तर नसतेच. पण तिचा एक फायदा आहे, आणि तो कळायला मला दोन वर्षं लागली. ती दोन पडद्यांचं थेटर असते. डावीकडच्याने मोबाईलवर हैदराबादी मारामारी लावलेली, उजवीकडचीने कोरियन प्रेमकथा. दोघांच्याही कानात बोंडं, म्हणजे आवाज त्यांना आणि चित्र मला. १९३१ साली आपला सिनेमा बोलायला लागला म्हणतात. माझ्यापुरता तो परत मुका झालाय. फाळक्यांच्या काळानंतर मूकपटाला इतका निष्ठावान प्रेक्षक मिळाला नसेल.

आवाज अगदीच नसतो असंही नाही. मागच्या रांगेत एक गृहस्थ असतात. विमान कुठलंही असो, ते असतातच. त्यांना कानात काही घालायची सवय नाही. ते रील बघतात, दर वीस सेकंदाला एक, आणि आवडलं तर तेच परत. त्यामुळे डावीकडे नायक पन्नास गुंडांना लोळवत असताना मागून ऐकू येतं, "आता यात चवीपुरतं मीठ घालूया." उजवीकडे नायिका मरणाच्या दारात, आणि मागून कुणीतरी खदाखदा हसतंय. नंतर नंतर मला याची इतकी सवय झाली, की एकदा घरी टीव्हीवर चित्राला जुळणारा आवाज आला तेव्हा मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

अडचण एकच. पुणे-दिल्ली सव्वादोन तासांचं आणि आपले सिनेमे पावणेतीन तासांचे. चाकं टेकली की शेजारी मोबाईल खिशात घालतो आणि दार उघडायच्या आधीच उभा राहून मान वाकडी करून छताखाली थांबतो. मला शेवट कधीच कळत नाही. 'थ्री इडियट्स' मी अशा रीतीने चार वेळा पाहिला, चारही वेळा पाऊण.

विमानातल्या खाण्यावरही माझी मतं आहेत, पण ती थोडक्यात सांगतो, कारण खाणंही थोडकंच असतं. कपातला उपमा. हवाई सुंदरी त्यात गरम पाणी ओतते आणि तो फुगेपर्यंत आपण त्याच्याकडे बघत बसायचं. त्याला चव नसते हा दोष पूर्णपणे त्याचा नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकाच ठेवलेला असतो, शिवाय ती कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत आणि इंजिनाच्या घरघरीत जिभेला गोड-खारट कमीच लागतं. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे मधल्या खुर्चीवर बसून मी दर आठवड्याला कळसूबाईच्याही वर उपमा खातो. कळसूबाईच्या वाटेवर निदान पिठलं-भाकरी मिळते.

ही आठ हजार फुटांची गोष्ट मला व्यवस्थित माहीत होती. तरी पुढे जे झालं ते झालं.

२०२५च्या जूनमध्ये घरच्यांनी लडाख ठरवलं. ठरवलं म्हणजे मुलीने ठरवलं, बायकोने पैसे भरले आणि सासूबाईंनी मेतकूट बांधलं. मला फक्त कळवण्यात आलं. पण एका बाबतीत सगळ्यांचं एकमत होतं, विमानाचं सगळं बाबा बघतील. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विमानप्रवासाला घरात किंमत आली. मी चार खिडक्या निवडल्या, एकामागोमाग एक, प्रत्येकीचे जादा पैसे भरून. दिल्लीहून लेहला उतरताना काय हिमालय दिसतो म्हणून सांगू, असं मी महिनाभर सांगत होतो. ऐकीव होतं, पण सांगत होतो.

पहिला धक्का लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरच बसला. सासूबाईंची हातातली पिशवी यंत्रातून मागे आली. सुरक्षेच्या जवानाने आत हात घालून सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या बाहेर काढल्या.

"ये नहीं चलेगा, माताजी."

"का? बाँब आहे का तो?" सासूबाई मराठीतच म्हणाल्या. पुण्यात त्या दुसऱ्या भाषेत भांडत नाहीत.

मी तज्ज्ञाच्या आवाजात समजावलं, की आई, सुकं खोबरं तेलकट असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पेट आता खोबरं घेणार की त्या, कळेना.

"पेपरात आलं होतं. शबरीमलेच्या लोकांना नारळ न्यायला जानेवारीपर्यंत परवानगी दिली होती. मग आमच्या देवाला का नाही?"

बातमी खरी होती. त्या यात्रेपुरती, २० जानेवारीपर्यंत, सवलत दिलेली होती. पण तो अख्खा नारळ होता, ही वाटी होती, आणि आता जून होता. हे तीन मुद्दे मी मांडले. सासूबाईंनी वाट्या जवानाच्या हातात ठेवल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "तुम्ही सारखे विमानात असता ना? मग घरी नाही सांगायचं?"

हे वाक्य पुढचे आठ दिवस माझ्याबरोबर फिरलं.

दुसऱ्यांदा ते लेहच्या वर ऐकू आलं. मे महिन्यात नियम आला होता, की संरक्षण दलाच्या विमानतळांवर दहा हजार फुटांखाली खिडक्यांची झापडं बंद हवीत. लोहगाव त्यात आलं, लेहही आलं. लोहगावहून मी नेहमी मध्ये बसतो, मला झापड उघडं काय नि बंद काय. पण लेहला बर्फाचं पहिलं शिखर दिसलं न दिसलं तोच हवाई सुंदरी आली आणि चारही खिडक्या बंद करायला सांगितल्या. मी म्हटलं, बाई, लेहचा विमानतळच मुळी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. दहा हजारांच्या खाली आपण जाणार कसे? ती गोड हसली. तिला हा प्रश्न रोज कुणीतरी पुरुष विचारत असावा. झापडं खाली आली. चार खिडक्यांच्या जादा पैशांत आम्ही चार राखाडी प्लॅस्टिकं बघत हिमालयात उतरलो. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या ते मी इथे परत लिहीत नाही.

लेहला गेल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. तिथे हवा विरळ. हॉटेलवाल्याने सांगितलं, डॉक्टरने सांगितलं, रस्त्यावरच्या पाटीने सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही पडा. मी आठवड्यात दोनदा पस्तीस हजार फुटांवर असतो, मला काय विरळ हवेचं कौतुक! आणि बाजारात जर्दाळू आणायला गेलो.

जर्दाळूचा भाव विचारला एवढं आठवतं. मग डोकं असं दुखायला लागलं, की भोसरीतली सगळी यंत्रं कुणीतरी माझ्या कवटीत एकदम चालू केलीत. रात्रभर उलट्या. कळसूबाई, आठ हजार फूट, दाब, सगळं एकेक करून आठवत होतं. लेह गाव साडेअकरा हजारांवर. इतकी वर्षं मी ढगांच्या वरून गेलो ती डबाबंद लोणच्यासारखा, हे डॉक्टरला सांगावं लागलं नाही. त्याने नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि विचारलं, "पहली बार ऊपर आए हो?"

तिसऱ्या दिवशी मी पलंगावर आणि बाहत्तर वर्षांच्या सासूबाई लेहच्या नऊ मजली राजवाड्यावर. वरून त्यांनी फोन केला. धाप अजिबात नव्हती.

"मेतकूट-भात खा. मी सांगून ठेवलंय खाली."

डॉक्टरने परवानगी दिल्यावर पाचव्या दिवशी पँगाँग तलावाला निघालो. वाटेत 'चांग ला' नावाची खिंड, सतरा हजार फुटांच्या वर. तिथे मी गाडीतून उतरलोच नाही, काचेतूनच त्या पाटीला नमस्कार केला. पाच तासांनी, एका वळणावर, ते निळं दिसलं.

खरं सांगतो, त्या निळ्याला माझ्याकडे शब्द नाही. १३४ किलोमीटर लांब पाणी, त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा आपल्याकडे. ढग सरकला की हिरवं, परत निळं, मग शाईसारखं. सासूबाईंनी वाकून बोट बुडवलं आणि चाटलं. "खारट आहे हो," असं म्हणून त्या बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. त्या गप्प राहिल्या यावरून काय ते समजा.

आणि या पाण्याकडे पाठ करून रांग लागली होती. पिवळ्या स्कूटरपुढे. तिच्या शेजारी लाल, पिवळी, हिरवी स्टुलं, त्यांचा आकार माणूस ज्यावर बसतो त्याच अवयवाचा. स्कूटरवर फोटो, स्टुलावर फोटो, मग मॅगी, मग गाडी. एकसारख्या टोप्या घातलेला आपल्याकडचाच एक गट होता. त्यातले एक काका पाण्याकडे हात करून विचारत होते, "हे झालं, पण शूटिंग नेमकं कुठे?" मला आमच्या आजोळची आठवण झाली. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर येणारा प्रत्येक जण कुठल्या सिनेमात कुठली पायरी होती ते विचारतो. शेजारच्या देवळात वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगिजांची केवढी मोठी घंटा टांगलीय, तिच्याकडे वर बघायचीही कुणाला फुरसत नसते. या विषयावर मी मुलीला जरा बोललोही.

"बाबा, तुम्हाला माहितीये का ही स्कूटर कशाची?"

"थ्री इडियट्सची. २००९चा."

"हो, पण शेवटी काय होतं? इथेच तर शेवट आहे."

मी पाण्याकडे बघितलं. मोबाईलला रेंज नव्हती. बायको हसायला लागली, तिला माझे चार पाऊण माहीत आहेत. शेवटी स्टुलांच्या मालकानेच मला गाठलं. वयाने असेल पंचविशीचा. 'जुले' म्हणाला, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि अख्खा शेवट करून दाखवला. कोण कुठून आलं, कुणी कुणाला ओळखलं नाही, कुणाची फजिती झाली, थप्पड कुठे पडली. सगळे आवाज त्याने एकट्याने काढले. इतक्या वर्षांत आवाजासकट पाहिलेला माझा हा पहिला सिनेमा. गोष्ट सांगायचे त्याने पैसे घेतले नाहीत. स्टुलाचे पन्नास घेतले.

हो, बसलो. पिवळ्यावर. पाण्याकडे पाठ करून. फोटोत माझ्या मागे तलाव साधारण बोटभर दिसतो.

पुढच्याच आठवड्यात मानेसरचं यंत्र बिघडलं. मधली खुर्ची, कपातला उपमा, मागे रीलवाले गृहस्थ. डावीकडच्या मुलाने मोबाईल काढला आणि बघतो तर तोच सिनेमा. पाऊण झाला आणि दिल्ली आली. चाकं टेकली. त्याने मोबाईल खिशात घातला. तो बिचारा आता अर्धवट राहून घरी जाणार, हे मला बघवेना. मी त्याच्या दंडाला हात लावला आणि शेवट सांगायला सुरुवात केली, पँगाँगच्या त्या पोराने सांगितला तसा, आवाजांसकट.

त्याने कानातली बोंडं काढली.

"काका," तो म्हणाला, "मी हा पंधरा वेळा पाहिलाय. पण तुम्ही थप्पड चुकीच्या माणसाला मारलीत."