उणे एक

स्कूटरसाठी सत्तर हजारांचं कर्ज मागायला परवा बँकेत गेलो आणि शून्याच्याही खाली उतरून परत आलो. सिबिल स्कोअर, म्हणजे घेतलेलं कर्ज आपण कसं फेडतो त्याचे गुण, 300 ते 900 असतो, 750 च्या वर असला की बरा, एवढं ऐकून होतो. माझा निघाला उणे एक. म्हणजे मी वाईट नाही, मी नाहीच. बावीस वर्षं शाळेत कारकुनी, कुणाचं पैशाचं देणं नाही, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर, तुमची हिस्ट्रीच नाही."

मागच्या बाकावर एक आबा बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर रबर लावलेली पासबुकांची चळत. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे बँकेत खाजगी असं काही नसतं.

"काय व्हयनं, भाऊ?"

"कर्ज देत नाहीत, आबा. आधी कधी घेतलं नाही म्हणून."

"कधीच नही?"

"नाही."

"दुकानवर उधारी?"

"तीही नाही."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मंग तुले कोन ओयखस?"

मग नातवानं भरून दिलेला मोबाइल काढून त्यांनी मला स्वतःचा आकडा दाखवला. 781! पोराचा दहावीचा निकाल दाखवावा तसा. युक्ती विचारली, तर म्हणाले नवं-जुनं. मार्चअखेर पुतण्याकडून चार दिवसांसाठी पैसे घ्यायचे, पीककर्ज भरायचं, एप्रिलात तेच परत काढायचं आणि पुतण्याचं फेडायचं. वर वेळेवर भरलं म्हणून सात टक्क्यांतले तीन टक्के सरकार सोडतं. कापूस पिको न पिको, कागदावर आबा एकदम चोख.

मला रागही येईना. आबांचा तरी काय दोष? नवं-जुनं केलं नाही तर पेरणीला बियाणं कुठून आणणार?

राग यायचाच तर माझ्या आईवर यावा. दादर ज्वारीच्या कोठीत नोटा लपवायची, आणि दिवाळीला जळगावच्या सराफ बाजारात जाऊन ग्रॅमभर का होईना, सोनं आणायची. "हात पसरायचा नाही," एवढंच तिचं अर्थशास्त्र. आमच्या शाळेतले एक सर क्रेडिट कार्डाचं फक्त किमान देय भरतात, बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज चढतं. त्यांना रोज नव्या कार्डाचे फोन येतात. मला फक्त वीजबिलाचा मेसेज येतो.

काउंटरवरच्या पोरानं उपाय सांगितला तो असा: माझ्या पंचवीस हजारांच्या एफडीच्या तारणावर कार्ड घ्या, किराणा त्यावर आणा, तारखेच्या आत पूर्ण भरा, सहा-आठ महिन्यांनी या. म्हणजे माझेच पैसे ठेवून, माझ्याच पैशांवर उधारी करून, मी उधारी फेडतो हे सिद्ध करायचं. तोवर शाळेत सायकलवर, मे महिन्यात, भर उन्हात. त्याला म्हणालो विचार करतो. दुसरं काय म्हणणार?

बाहेर आबांनी चहा सांगितला. पैसे मीच द्यायला निघालो, तर माझ्याकडे पाचशेची नोट. टपरीवाला म्हणाला, "सुटे आणा." नंतर देतो म्हटलं, तर त्यानं मला नखशिखांत न्याहाळलं.

"टाक मना खातावर," आबा म्हणाले.

त्यानं तेलकट वही उघडून लिहिलं: आबा, 2 चहा. माझं नाव तिथंही नव्हतं.