इटलीतून सायकलने जावे, पण इटली लागू देऊ नये

इटलीच्या टेकड्यांतून, सरोवरांच्या काठाने आणि जुन्या तटबंदीच्या गावांतून सायकलने हिंडून येण्याचा बेत आपण आखला आहे, हे कळल्यावर आनंद झाला. पाठोपाठ काळजीही वाटली, कारण सायकल हे मोठे बेभरवशाचे वाहन आहे. ते माणसाला हळू नेते, आणि हळू जाणाऱ्या माणसाला वाटेत काय दिसेल, कुठे थांबावेसे वाटेल आणि कोण बोलायला येईल, याचा काही नेम नसतो. लाखांत खर्च करून गेल्यावर असे काही घडू देणे शहाण्या माणसाला शोभत नाही. मी स्वतः बारा दिवस उत्तर इटलीतले कोमो सरोवर आणि मध्य इटलीतल्या किआंतीच्या टेकड्या यांत सायकल चालवली असून, माझ्या हातून तिथे काही अक्षम्य चुका झाल्या. त्या आपल्या हातून होऊ नयेत, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

सुरुवात चांगली होते, याचे श्रेय शेंगेन व्हिसाच्या नियमांना दिले पाहिजे. अर्जासोबत मुक्कामाच्या आरक्षणांचे कागद आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा जोडावा लागत असल्यामुळे, ‘जिथे संध्याकाळ होईल तिथे पथारी टाकू’ हा सायकलस्वाराचा जुना रोग घरीच बरा होतो. कितव्या दिवशी आपल्याला कोणत्या गावी दमायचे आहे, हे पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या दिवाणखान्यात बसून तीन महिने आधी ठरवता येते. त्या दिवशी तिथे पाऊस असेल, गुडघा धरलेला असेल किंवा अलीकडचेच गाव मनात भरलेले असेल, तरी पुढचा मुक्काम भरलेला आहे, या एका विचाराने पाय आपोआप चालू राहतात. शिवाय सामान एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात गाडीने पोहोचवणाऱ्या सेवा तिथे सर्रास मिळतात. तेव्हा चिवड्याचे तीन किलो आपण स्वतः वाहण्याचे कारण नाही.

सायकल कोणती, हा प्रश्न गटात जरूर काढावा. प्रवासापेक्षा जास्त दिवस तो पुरतो. विजेच्या मदतीची सायकल घेणे म्हणजे फसवणूक, असे ठासून सांगावे आणि मग कोमोला पोहोचल्यावर तीच भाड्याने घ्यावी. युरोपातल्या नियमाप्रमाणे तिची मोटर २५० वॉटची असते आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मदत थांबते. म्हणजे सपाटीवर ती आपले पौरुष अबाधित ठेवते आणि लाज फक्त चढावर राखते. स्वतःची सायकल खोक्यात भरून विमानाने नेण्याचा मोह मात्र टाळावा. तो मी टाळला नाही, त्याचे फळ पुढे येईलच.

कोमो सरोवर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखे आहे आणि दोन फाटे जिथे फुटतात त्या टोकावर बेलाजिओ हे गाव आहे. काठाचा रस्ता नकाशात पाण्याला चिकटून जातो, म्हणून तो निवांत असेल असे समजणाऱ्याने पश्चिमेच्या काठावर एकदा समोरून येणारी बस पाहावी. एका बाजूला कुणाच्या तरी बागेची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये बस, आणि उरलेल्या जागेत आपण व आपला प्रवासी विमा. मधूनमधून बोगदे येतात. बोगद्यात सायकलस्वाराने चमकणारे जाकीट किंवा पट्टा घालणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. ते घरून न्यावे, आणि ते फोटोला शोभत नाही म्हणून सामानाबरोबर गाडीने पुढे पाठवून द्यावे.

बेलाजिओहून घिसाल्लोचा घाट चढतात. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर, वरचे देऊळ ७५४ मीटरवर, आणि मध्ये दहाएक किलोमीटरची वाट. सरासरी काढली तर चढ सौम्य वाटतो, कारण मध्ये बराचसा सपाट भाग आहे. पण सरासरीवर सायकल चालत नाही, ती चालते ती सुरुवातीच्या चौदा टक्क्यांच्या वळणांवर. सिंहगडाचा घाट आपण एकदा चढला असाल, निदान गाडीच्या काचेतून पाहिला असेल, तर कल्पना येईल. एक लक्षात ठेवावे : दर वळणावर डाव्या-उजव्या हाताला झाडांच्या फटीतून सरोवर दिसते आणि ते दर वेळी जरा अधिक खाली गेलेले, जरा अधिक निळे झालेले असते. तिकडे पाहिले की पाय मंदावतात. म्हणून नजर हँडलवरच्या यंत्रावर ठेवावी. त्यात हृदयाचे ठोके दिसतात आणि ते आपलेच असतात.

वर मादोन्ना देल घिसाल्लोचे, म्हणजे घिसाल्लोच्या मेरीमातेचे, चिमुकले देऊळ आहे. १९४९ साली पोप बारावे पायस यांनी या मादोन्नाला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे घाटमाथ्यावर घाटदेवीपुढे नारळ फुटतो आणि ट्रक पुढे जातो, तसाच हा प्रकार. फक्त इथे नवस फेडणारे सायकली वाहतात. आत भिंतीभर शर्यतीतले सदरे आणि वर टांगलेल्या सायकली. इटलीच्या जुन्या शर्यतवीरांपैकी कोप्पीची आहे, बार्ताली यांची आहे. आणि एक वाकलेली सायकल आहे, फाबिओ कासार्तेल्ली याची. हा कोमोचाच मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले आणि १९९५ च्या तूर द फ्रान्समध्ये एका उतारावर पडून तो गेला. ती सायकल पाहिल्यावर माणूस काही वेळ गप्प उभा राहतो, घामाने भिजलेली पाठ गार पडते आणि वेळापत्रकातली पंधरा-वीस मिनिटे सहज निसटतात. यावर उपाय म्हणजे देवळाकडे पाठ करून लगेच सेल्फी काढावा. अंगणात बिंदा, कोप्पी आणि बार्ताली या तीन शर्यतवीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांपैकी कोण कोणता हे न समजताही तिघांच्या खांद्यावर हात टाकता येतो.

बार्ताली यांच्याबद्दल मात्र फार माहिती काढू नये, ती मन खिन्न करते. फ्लॉरेन्सजवळच्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरावाच्या नावाखाली शेकडो किलोमीटर सायकल हाणली आणि सायकलीच्या नळीत लपवून ज्यूंसाठी बनावट ओळखपत्रे पोहोचवली. पुढे आयुष्यभर त्यांनी त्याचा बभ्रा केला नाही. ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्राएलमधल्या याद वाशेम या संस्थेने त्यांचा गौरव केला तो २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी. इतके किलोमीटर आणि एकाही किलोमीटरची नोंद मित्रमंडळींना पाठवलेली नाही! आपण असा निष्काळजीपणा करू नये. आपण पहिल्या आठ किलोमीटरनंतरच नकाशा, वेग आणि जाळलेल्या उष्मांकांसह सोसायटीच्या गटाला कळवावे, म्हणजे मधल्या मजल्यावरचे काका अंगठा दाखवतील आणि आपण खरोखर इटलीत आहोत याची आपल्यालाही खात्री पटेल.

घिसाल्लोच्या पलीकडे सोर्मानोची भिंत म्हणून एक चढ आहे. लांबी जेमतेम दोन किलोमीटर, पण काही ठिकाणी चढण पंचवीस टक्क्यांहून तीव्र, आणि आपण किती मीटर उंची गाठली याचे आकडे चक्क डांबरावर रंगवलेले. साठच्या दशकाच्या आरंभी लोम्बार्दीच्या शर्यतीत तो घेतला, तेव्हा भलेभले खाली उतरून चालू लागले आणि प्रेक्षक आपापल्या लाडक्यांना मागून ढकलू लागले. तीन वर्षांत तो शर्यतीतून काढावा लागला आणि परत आला तो २०१२ साली. व्यावसायिकांनी जिथे सायकल हातात धरून नेली, तिथे आपणही नेऊ शकतो. घरी आल्यावर ‘सोर्मानो केला’ एवढेच म्हणावे. मराठीत ‘करणे’ हे क्रियापद अशा प्रसंगांसाठीच विशाल ठेवलेले आहे.

मग आगगाडीने, किआंती ज्यात येते त्या तोस्काना प्रांतात उतरावे. किआंतीच्या टेकड्यांची उंची पाहून हसू येईल. गायोले हे गाव साडेतीनशे मीटरच्या आसपास, राद्दा सव्वापाचशेच्या आसपास, अंतर दहाएक किलोमीटर. आपल्या खंडाळ्यापुढे हे काय! पण इथली गावे शत्रूच्या भीतीने डोक्यावर बसलेली आहेत आणि रस्ता एका डोक्यावरून उतरून ओढ्यापर्यंत जातो व पुन्हा दुसऱ्या डोक्यावर चढतो. समोरचे गाव हाकेच्या अंतरावर दिसते, त्याची घंटा ऐकू येते, अंगणात वाळत घातलेली चादर मोजता येते, आणि तिथे पोहोचायला पाऊण तास लागतो. मध्ययुगातल्या लोकांनी आठशे वर्षांनंतर येणाऱ्या पर्यटकाचा काडीइतका विचार केलेला नाही, हे तक्रारवहीत जरूर नोंदवावे. सान जिमिन्यानोत तर घराण्या-घराण्यांनी ईर्षेने बहात्तर मनोरे बांधले, त्यांतले चौदा उरले आहेत. भाऊबंदकीतून अखेर पर्यटन उभे राहते, हा दिलासा आपल्या गावाकडच्या बांधाच्या भांडणांनाही लागू व्हावा.

सकाळी लवकर निघावे असे सगळेच सांगतात, आणि किआंतीत या सल्ल्याला आधार कोंबड्याचा आहे. दंतकथा अशी की, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातली हद्द ठरवायला दोन्ही शहरांतून एकेका घोडेस्वाराने कोंबडा आरवताच निघायचे आणि जिथे गाठ पडेल तिथे सीमा, असे ठरले. सिएनाने पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला; भुकेने तो बिचारा पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला, आणि त्यांचा स्वार सिएनाच्या बाजूच्या फोंतेरुतोलीपर्यंत येऊन ठेपला. आजही किआंती क्लासिको या वाइनच्या बाटलीवर तोच काळा कोंबडा असतो. आपण हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडवत नाही म्हणून दहा वाजता निघणार असू, तर आपण सिएनाच्या बाजूचे, एवढे ओळखून असावे.

इथले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते, स्त्रादे ब्यांके, हे या भागाचे वैभव मानतात. त्यांवर डांबर पडू नये, या हट्टातून १९९७ साली गायोलेला एरोइका ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली : १९८७ च्या आधीच्या धाटणीची सायकल, गिअरच्या कळा सांगाड्याच्या नळीवर, लोकरीचा सदरा, आणि मोठा मार्ग २०९ किलोमीटरचा. वाटेतल्या थांब्यांवर शिळा पाव व घेवड्याचे दाट सूप आणि वाइन. रस्त्यावर डांबर घालू नका म्हणून उत्सव करणारे लोक पाहून महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला प्रथम चक्कर येते. आपल्याकडे असे रस्ते कुठल्याही उत्सवाविना, पहिल्या पावसातच, तालुक्या-तालुक्याला मिळतात आणि कोणी त्यांना वारसा म्हणत नाही.

खाण्यापिण्याचे थोडक्यात. ‘बार’ ही तिथे प्रामुख्याने कॉफी पिण्याची जागा आहे; सासूबाईंना फोटो पाठवताना पाटी कापावी. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते, खुर्चीत बसले की दर वाढतो. दुपारच्या जेवणानंतर कापुचिनो मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही, फक्त पाहतात. बिलात कोपेर्तो नावाची रक्कम दिसेल. ती टेबलावर बसल्याची आहे, त्यावर वाद घालून संध्याकाळ सत्कारणी लावता येते. आणि कारंज्यावर ‘पोताबिले’ लिहिले असेल तर बाटली भरावी, त्याआधी ‘नॉन’ असेल तर भरू नये. ही एक सूचना मात्र मी अगदी सरळ मनाने करतो आहे.

आता माझी चूक. विमानाच्या सामानात कुठेतरी खोके आपटले आणि मागच्या गिअरचा हँगर, म्हणजे ज्या बोटभर ॲल्युमिनिअमच्या तुकड्यावर, साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर लटकतो तो, आत वाकला. दोन दिवस कुरकुर सहन केली; तिसऱ्या दिवशी किआंतीतल्या एका गावात, बरोबर दुपारी सव्वाला, चढाच्या ऐन मध्यावर साखळी आऱ्यांकडे सरकू लागली. सायकल दुरुस्तीचे दुकान सापडले, पण त्याचे शटर खाली, आणि पाटीवर पुढची वेळ चारची. किराणा बंद, गल्ली बंद, मांजरसुद्धा झोपलेले. मी चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. सावली तिसऱ्या पायरीवरून पाचव्या पायरीवर गेली, हे मी पाहिले. वरच्या खिडकीतून ताट-वाट्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला, मग कोणीतरी एकच ओळ पुन्हा पुन्हा गुणगुणत राहिले. भिंतीच्या दगडांत मध्येच एक विटांची कमान बुजवलेली होती. तिथे कधीकाळी दार असणार, आणि ते का बुजवले असेल यावर मी जवळजवळ तासभर घालवला. कुठलाही आकडा वाढला नाही, कुठलेही ठिकाण ‘झाले’ नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी दुकानदार आला. त्याने डिरेलर सोडवला, त्या जागी हातभर लांबीचा एक दांडा फिरवून बसवला आणि त्याचे टोक चाकाच्या कडेशी वर, खाली, पुढे, मागे नेत, जिथे फट जास्त दिसेल तिथे हलकेच रेटा देत गेला. तबलजी जसा घर-घर फिरून हातोडीने गट्टे ठोकतो आणि कान लावतो, अगदी तसे. पाच-सात मिनिटांत काम झाले. त्याने सायकल उचलून पॅडल फिरवले, साखळी एकेका दात्यावर निमूट चढली-उतरली, आणि तो माझ्याकडे न बघता साखळीकडे बघून हसला. त्या दिवसाचा ठरलेला मुक्काम मला रात्री नऊला गाठता आला. बारा दिवसांतली तेवढीच दुपार मला अजून तपशीलवार आठवते, यावरून वेळ केवढा वाया गेला हे आपल्या ध्यानात येईल. तेव्हा जादा हँगर बरोबर ठेवावा. तो वजनाला काहीच नसतो आणि असल्या दुपारींपासून माणसाला पूर्ण संरक्षण देतो.

परत आल्यावर सायकल बाल्कनीत टांगावी. तिच्या साखळीत आणि ब्रेकच्या खाचांत बसलेला पांढरा धुरळा महिनाभर पुसू नये, पाहुण्यांना तो बोट लावून दाखवता येतो. नंतर तिच्यावर टॉवेल वाळत घातले तरी हरकत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाची पिशवी आणायची असेल तेव्हा मात्र गाडीच काढावी, कारण आपल्याकडचे रस्ते सायकलीसाठी नाहीत आणि वाटेत तो एक छोटासा चढही आहे.