संदर्भ जोडला तर वाक्य आणखी झोंबतं

मे २०१७. जालन्यात कार्यकर्त्यांसमोर तुरीचा विषय निघाला आणि भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे बोलून गेले, एवढी तूर घेतली तरी "रडतात साले". तेव्हापासून आपल्याकडे एक बचाव फिरतोय: मीडियानं वाक्य संदर्भ तोडून दाखवलं, ते शेतकऱ्यांना नव्हतंच, आणि मीडिया एकाच पक्षाच्या मागे लागतो.

संदर्भ हवाय ना? घ्या. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, म्हणून सरकारनंच कडधान्य पेरा म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, तूर उदंड पिकली. बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये आणि आडतीवर मात्र त्याहून कितीतरी कमी. म्हणून सगळे खरेदी केंद्रावर. तिथं चाळणी लावायची, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल परत. माल पास झाला तर भरायला बारदाना, म्हणजे रिकामी पोती नाहीत. ट्रॅक्टरचं भाडं चढतंय, आभाळ आलं की पोत्यांवर ताडपत्री ओढायची आणि राखणीला बाजार समितीच्या आवारातच झोपायचं. त्यात २२ एप्रिलला नाफेडची, म्हणजे हमीभावानं माल घेणाऱ्या सरकारी यंत्रणेची खरेदी थांबली. सरकारनं एवढी तूर घेतली तरी "रडतात" कोण, तर हे रांगेतले लोक. कार्यकर्ते काही तूर घेऊन उभे नव्हते.

बोलणं कार्यकर्त्यांशी चाललं होतं, हे खरं आहे. दानवेंनीही तसंच सांगितलं, दिलगिरीही व्यक्त केली. पण गावात लोकांना तोंड कार्यकर्त्यालाच द्यावं लागतं. त्यानं विचारलेला प्रश्न गावाचाच असतो.

एकाच पक्षाचं म्हणाल, तर एप्रिल २०१३ आठवा. जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून चालल्या होत्या आणि उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यात धरणातल्या पाण्यावरून नको ते बोलले. ते राष्ट्रवादीचे. मीडियानं त्यांना सोडलं का? माफी मागून शेवटी कराडला आत्मक्लेशाला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपोषणाला बसावं लागलं.

मीडियाचा कल मला दुसरीकडे दिसतो, आणि त्याचा राग येतो. बारदान्याची बातमी जिल्ह्याच्या पानावर यायची. चॅनेलवरची मोठी चर्चा रंगली ती शिवी आल्यावर, आणि तीही शिवीवरच. मोजमाप कधी होणार, चुकारे, म्हणजे मालाचे पैसे कधी मिळणार, परत पाठवलेल्या मालाचं काय, हे त्या चर्चेत नेत्यांना किती जणांनी विचारलं? बचावाचे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी मीडियाला जाब विचारायचाच तर हा विचारावा.