खानापूरची पॅसेंजर रिकामी का धावते

परवा बेळगावात एका लग्नाच्या पंगतीत विषय निघाला. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "लोंढा लाईनीवर एवढे पैसे ओतले, दुसरा रूळ टाकला, सिग्नल बदलले, आणि पॅसेंजरच्या डब्यात बघावं तर दहा डोकी. कुणासाठी केलं हे सगळं?" पानात वाढलेलं होतं, वाद नको म्हणून गप्प बसलो. पण ते बोलणं डोक्यातून जाईना.

माझे आप्पा रेल्वेत किमॅन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवे झेंडे, आणि आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा. रूळ जागेवर धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, सांधा बघायचा, खडी सरकली असेल तर मुकादमाला सांगायचं. थंडीत पहाटे रूळ आखडतो, तडा जायची भीती तेव्हाच जास्त. उन्हाळ्यात तोच रूळ तापून वाकायला बघतो. आणि पावसाळा तर खानापूर तालुक्यातला! गुंजी-लोंढ्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या रुळावरून दहा माणसांची पॅसेंजर जायची आणि गच्च भरलेली गोवा एक्सप्रेसही जायची. आप्पांचं काम दोन्हींसाठी तेवढंच.

मी कॉलेजला पास काढून याच गाडीनं जायचो. खानापूर ते बेळगाव जेमतेम 25-26 किलोमीटर, मध्ये इदलहोंड आणि देसूर. लाईन एकेरी. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम. समोरून एक्सप्रेस निघाली की आमची पॅसेंजर लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, घ्यायची. लूपवर शिरताना गाडी मुंगीच्या पावलानं जाणार, मग समोरची येऊन पुढे निघून जाणार, मग आमच्यासाठी पुढचा मार्ग लागणार, मग सिग्नल पडणार. शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या दिवशी अशीच पन्नास मिनिटं थांबलो. लॅबमध्ये पोचलो तेव्हा बॅच सुरू होऊन गेली होती. तो पेपर मला पुढच्या सत्रात द्यावा लागला. स्टेशन मास्तरांना मी दोष दिला नाही, आजही देत नाही. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या सोडणार कशा?

त्या रात्री जेवताना आप्पा एवढंच म्हणाले, "उद्यापासून बसनं जा." रूळ सांभाळण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसानं आपल्या पोराला गाडी सोडायला सांगितली. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरू शकत नाही. आमच्यासारखी किती घरं असतील! एकेक पास असाच बंद झाला आणि डबे रिकामे झाले. माणसं नव्हती म्हणून गाडी बिघडली नाही. गाडीचा भरवसा गेला म्हणून माणसं गेली.

म्हणून मला हे दुहेरीकरण आणि नवे सिग्नल जिवाभावाचे वाटतात. लोंढा-मिरज हे 186 किलोमीटरचं दुहेरीकरण 2015-16 मध्ये मंजूर झालं. त्यातला लोंढा-बेळगाव-घटप्रभा हा सुमारे 930 कोटींचा टप्पा 27 फेब्रुवारी 2023 ला पंतप्रधानांनी बेळगावात लोकार्पण केला, त्याच दिवशी स्टेशनची नवी इमारतही. विजेच्या तारा आल्या. त्या नसत्या तर 2024 च्या सप्टेंबरात पुणे-हुबळी वंदे भारत इथून धावलीच नसती. आनंद आहे, मनापासून आहे. पण वंदे भारत देसूरला थांबत नाही, आणि थांबावी असं माझं म्हणणंही नाही. देसूरच्या माणसाला पॅसेंजरच लागते.

आता सिग्नलबद्दल थोडं, कारण पंगतीतल्या गृहस्थांचा राग त्यावरच जास्त होता. दुसरा रूळ आला म्हणजे समोरच्या गाडीसाठी थांबणं संपलं. मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट देणं मात्र संपत नाही. दोन स्टेशनांच्या मधला ब्लॉक लांब असेल तर पॅसेंजर पुढच्या स्टेशनला पोचेपर्यंत मागची गाडी सोडता येत नाही, म्हणून पॅसेंजरलाच आधी बाजूला काढतात. मध्ये इंटरमीडिएट ब्लॉक सिग्नल बसवला की तोच टप्पा दोन भागांत तुटतो आणि एका गाडीच्या मागे दुसरी सोडता येते. ऑटोमॅटिक सिग्नलमध्ये साधारण किलोमीटरभरावर एकेक सिग्नल असतो, पण ते गर्दीच्या लाईनीचं काम, आमच्याकडे आज त्याची गरज नाही. गाडीला लूपवर वळवणारे सांधे चांगले असले की गाडी ताशी 15 ऐवजी 30 किलोमीटरच्या वेगानं आत घेता येते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दर क्रॉसिंगला वाचलेली तीन-चार मिनिटं जोडत गेलं की कॉलेजची पहिली बेल गाठता येते.

आणि गाड्या कमी म्हणून सिग्नलचं काम कसंही उरका, असं कुणी म्हणू नये. 2 जून 2023 ला बालासोरजवळ बहानगा बाजारला काय झालं ते आठवा. सिग्नलच्या सर्किटच्या कामात झालेली चूक, आणि 290 च्या वर माणसं गेली. त्या रात्री टीव्हीसमोर आप्पा कितीतरी वेळ नुसते बसून होते.

डबे रिकामे व्हायला आणखी दोन कारणं झाली. कोरोनात पॅसेंजर बंद पडल्या, परत आल्या त्या 'स्पेशल' नावानं, आणि किमान भाडं 10 ऐवजी 30 रुपये. ते 10 वर यायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. चार वर्षांत माणसाची सवय बदलते. दुसरं, जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. माझी वहिनी बसनंच जाते आणि बरोबरच करते. पण सकाळी खानापूर स्टँडवर बसच्या दारात लोंबकळणारी पोरं बघितली की वाटतं, यातली अर्धी तरी गाडीत बसली असती. गुंजीकडून करवंदं, जांभळं घेऊन येणाऱ्या मावशींना पाटी बसमध्ये चढवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं! गाडीत पाटी दाराशी ठेवली की झालं. घटप्रभा, रायबागकडून मिरजेला दवाखान्यात जाणारे, माघात चिंचलीच्या मायाक्काला जाणारे, कानडी-मराठी सगळे याच लाईनीवरचे.

पुढचं एक लक्षात घ्या. दिवंगत सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना बेळगाव-कित्तूर-धारवाड या 73 किलोमीटरच्या नव्या लाईनीला मंजुरी मिळाली. ती झाली की हुबळी-बेंगळूरच्या गाड्यांना लोंढ्याचा वळसा उरणार नाही. मग खानापूरची लाईन आणखी मोकळी होईल. तेव्हा तिला शांत पडू द्यायचं, की तो मोकळा वेळ आपल्या माणसांना द्यायचा, हे आत्ताच मागून ठेवायला हवं.

मागणी मोठी नाही. लोंढ्याहून सकाळी निघून साडेनवाच्या आत बेळगावला पोचणारी आणि पुढे घटप्रभा-मिरजेकडे जाणारी एक मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी विजेवरची लोकलसारखी गाडी. संध्याकाळी सहानंतर परतीची एक. मेमूला दोन्ही टोकांना केबिन असते, इंजिन फिरवायला नको, आणि थांबून उठायला ती चपळ, म्हणून जवळजवळच्या स्टेशनांना तीच बरी. शिवाय या दोन गाड्या वर्षभर वेळेवर चालवून बघा, मगच प्रवासी मोजा.

मी निवेदन लिहायला घेतलंय. जे रोज ये-जा करतात त्यांनी खाली आपलं स्टेशन, कामाची वेळ आणि आज कशानं जाता ते लिहा. इदलहोंड आणि गुंजीच्या लोकांनी तर नक्कीच लिहा, तुमची नोंद कुठल्याच यादीत लवकर येत नाही. आप्पांना आता दिसतं कमी, पण रोज संध्याकाळी कोण काय लिहितंय ते मी त्यांना वाचून दाखवणार आहे.